‘महिन्याला फक्त शंभर तास काम’: पायलटांच्या विश्रांतीवरच्या त्या मेसेजला उत्तर

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं देशभर एकामागून एक रद्द झाली, तेव्हापासून एक मेसेज आपल्याकडे फिरतोय. संभाजीनगरात कॉलनीच्या ग्रुपवर आला, जालन्याच्या व्यापारी मित्रांनी पाठवला, नांदेडहून पाहुण्यांनी पाठवला. शब्द थोडे इकडचे तिकडे, म्हणणं तेच: ‘पायलट महिन्याला फक्त शंभर तास काम करतात, पगार लाखांत घेतात, विमान तर ऑटोपायलटच चालवतो. आपला एसटीचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवतो, शेतकरी रात्री दोनला पाणी द्यायला उठतो, ते कधी आराम मागतात का? या लाडावलेल्या लोकांनी आठवड्याला ४८ तास सुट्टी मागून देश वेठीला धरला. हा नियमच रद्द करा.’

पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, भली माणसं आहेत. त्यातल्या काहींचं त्या आठवड्यात खरंच नुकसान झालं. कुणाची मुलाखत हुकली, कुणाची दवाखान्याची तारीख गेली, कुणी रात्रभर विमानतळाच्या फरशीवर बसून राहिलं. त्यांचा राग मला समजतो. पण तो राग भलत्याच माणसाकडे वळवला जातोय, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी विमान कंपनीत कधी नव्हतो. एसटीच्या डेपोत ड्युट्या लावण्यात माझी नोकरी गेली, आणि माझा सख्खा भाचा आज को-पायलट आहे. कुणाला कधी उठवायचं आणि कुणाला कधी झोपू द्यायचं, हा विषय मी आयुष्यभर कागदावर मांडत आलोय.

‘महिन्याला फक्त शंभर तास.’

शंभर हा आकडा खोटा नाही. पण तो कामाच्या तासांचा आकडा नाही. विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून पोहोचून थांबलं तिथपर्यंतचा वेळ म्हणजे फ्लाइट टाइम. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी महासंचालनालय. त्याच्या नियमात या वेळेवर कमाल मर्यादा आहे: ७ दिवसांत ३५ तास, २८ दिवसांत १००, वर्षाला १०००. त्याच नियमात ड्युटीची वेगळी मर्यादा दिली आहे: ७ दिवसांत ६० तास, २८ दिवसांत १९०. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला आकडा उचलला आणि दुसरा सोडून दिला.

दोन्हींमधल्या फरकात काय बसतं ते बघा. उड्डाणाच्या तासभर आधी हजर व्हायचं. श्वासाची तपासणी द्यायची. हवामानाचे कागद, इंधनाचा हिशेब, विमानाच्या दुरुस्तीची वही बघायची. प्रवासी चढेपर्यंत कॉकपिटमध्ये बसून तयारी करायची. मुंबईत रांग लागली की इंजिन बंद ठेवून पाऊण तास वाट बघायची. उतरल्यावर पुढच्या फेरीची तयारी करायची, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. कधी प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात न्यायचं आणि तिथून विमान चालवायला लावायचं. कधी स्टँडबाय द्यायचा, म्हणजे घरी असूनही फोनकडे कान लावून राहायचं. आमच्या एसटीत चालकाचं काम गाडीचं स्टेअरिंग हातात आल्यावर सुरू होतं असं कुणी म्हटलं असतं, तर डेपोत त्याला कुणी उभं केलं नसतं.

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. त्याचं रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, मोबाइलवर बघायला मागितलं. सोमवारी रिपोर्टिंग पहाटे ५:१०. मंगळवारी पहाटे ५:४०, चार सेक्टर, म्हणजे चार वेळा उडायचं आणि चार वेळा उतरायचं. बुधवारी दुपारी तीनला रिपोर्टिंग, घरी यायला मध्यरात्र उलटलेली. गुरुवार मोकळा. शुक्रवारी रात्री ११:५० ला रिपोर्टिंग, शनिवारी उजाडताना परत. यात एकही ड्युटी नियमाबाहेरची नव्हती. उडण्याचे तास मोजले तर माझ्या बँकेतल्या मुलाच्या आठवड्याच्या कामापेक्षा पुष्कळ कमी भरतील. पण ५:१० ला हजर व्हायचं तर कंपनीची गाडी पावणेचारला दारात येते, म्हणजे तीनला उठायचं, म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी सात-साडेसातला झोपायचं. सातला अंथरुणावर पडता येतं, झोप येतेच असं नाही. दोन दिवस असे काढले की तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जागं राहायचं, आणि एक दिवस मध्ये टाकून अख्खी रात्र. एका आठवड्यात शरीराचं घड्याळ तीनदा फिरवलं. पुढे हा मेसेज आला आणि त्यातला ‘फक्त’ हा शब्द त्याला वाचून दाखवला तेव्हा तो काही बोलला नाही. त्या दिवाळीत बाहेर गल्लीत फटाके चालू होते, तरी दुपारी चारला तो बसल्या जागी झोपला होता.

ड्युट्या लावणाऱ्याला हे माहीत असतं. महिन्याची बेरीज सारखी असलेल्या दोन माणसांपैकी एक ताजा असतो आणि दुसरा पार गळालेला, कारण फरक पडतो तो तास कुठे पडले त्याने.

‘झोप मनावर असते, जिद्द असली की येत नाही.’

मेसेजच्या लांबड्या आवृत्तीत हे वाक्य आहे. सगळ्यांत जास्त लोकांना हेच पटतं, म्हणून यावर जरा थांबतो.

माणूस जितका वेळ जागा, तितका झोपेचा दाब वाढत जातो. त्याच्या जोडीला शरीराचं आतलं घड्याळ असतं, जे उजेड-अंधारावर चालतं. या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात शरीराचं तापमान तळाला जातं, मेंदू मंदावतो, हात आणि डोळे उशिरा साथ देतात. विमान वाहतुकीच्या नियमांत या वेळेचा स्वतंत्र विचार केलेला असतो. दिवसा झोपून तो खड्डा पूर्ण भरत नाही, कारण दिवसाची झोप तुटक आणि तोकडी असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असताना रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी झोपून बघावं.

१९९७ साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत डॉसन आणि रीड या दोन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं. २४ तासांच्या जागरणानंतर ते ०.१० टक्क्यांच्या आसपास पोहोचतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. पायलटला तर तेवढीही मुभा नाही. उड्डाणाआधी १२ तास दारूला शिवायचं नाही आणि श्वासाच्या तपासणीत यंत्राने शून्य दाखवलं पाहिजे. दारू पकडायला यंत्र आहे. झोप किती अपुरी झाली हे पकडायला विमानतळाच्या दारात कुठलंही यंत्र नाही. म्हणून रोस्टर कसं लावायचं याचे नियम हीच काय ती तपासणी.

जिद्दीचं म्हणाल तर दोन घटना सांगतो.

२२ मे २०१० ला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दुबईहून मंगळूरला येत होतं. हेच वैमानिक आदल्या रात्री मंगळूरहून दुबईला विमान घेऊन गेले होते आणि रातोरात परत निघाले होते. सकाळी सहाच्या सुमारास विमान उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनचं घोरणं ऐकू येतं. सुमारे दोन तासांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला दीड तासाहून जास्त वेळ ते झोपलेले होते. उतरण्याच्या थोडं आधी जाग आली, विमान हवं त्यापेक्षा उंचावर आणि वेगात होतं. शेजारी बसलेल्या को-पायलटने उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं एकदा नव्हे, तीनदा सांगितलं. कॅप्टनने ऐकलं नाही. निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू लगेच ठिकाणावर येत नाही, काही वेळ त्याला घेतलेला निर्णय बदलणं जड जातं. चौकशी अहवालाने झोपेनंतरचा हा जडपणा अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत नोंदवला. हे कॅप्टन अनुभवी होते, आणि काही दिवसांपूर्वीच रजेवरून परतले होते. रजा मिळूनही पहाटेच्या त्या वेळेने त्यांना गाठलं.

दुसरी घटना आपल्या दारातली आहे. ८ मे २०२०, लॉकडाउनचे दिवस. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जायला निघाले आणि रुळांच्या कडेने चालत राहिले. करमाडजवळ विसावा घ्यायला बसले आणि रुळांवरच त्यांचा डोळा लागला. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. १६ जण गेले. घरी पोहोचायची त्यांच्याइतकी जिद्द कुणाला होती? अंगातली ताकद संपली की रुळांवरसुद्धा डोळे मिटतात. करमाड ज्यांनी जवळून पाहिलं, त्या भागातल्या लोकांनी तरी झोपेला आळस म्हणू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

‘विमान ऑटोपायलट चालवतो, पायलट नुसता बसून असतो.’

ऑटोपायलट सांगितलेलं करतो. मार्ग, उंची, वेग माणूस भरतो, आणि समोर ढग उभा राहिला किंवा नियंत्रण कक्षाने दिशा बदलायला सांगितली की माणूसच तो बदलतो. आपोआप उतरण्याची सोय असते, पण तिला धावपट्टीशेजारी विशेष दर्जाची यंत्रणा लागते. ती दिल्लीसारख्या, धुक्याचा त्रास असलेल्या मोजक्या ठिकाणी आहे. पंख्याच्या एटीआर विमानांत तर ती सोयच नसते. चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, किंवा नांदेडला तुमचं विमान जमिनीला टेकतं तेव्हा ते माणसाच्या हातांनी टेकतं, मग मे महिन्याच्या दुपारी गरम हवेने ते कितीही हेलकावत असो.

आणि ऑटोपायलटच्या भरवशावर दोघेही झोपले तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. २५ जानेवारी २०२४ ला इंडोनेशियात बाटिक एअरचं एअरबस विमान केंदारीहून जकार्ताला निघालं, १५३ प्रवासी होते. सुमारे २८ मिनिटं दोन्ही वैमानिक झोपेत होते. कॅप्टन सांगून झोपले होते, शेजारच्याला नकळत डुलकी लागली. त्याच्या घरी महिन्याभराची जुळी बाळं होती आणि रात्री तो बायकोला मदत करायला उठत होता. नियंत्रण कक्ष हाका मारत राहिला, विमान मार्ग सोडून भरकटत गेलं. ऑटोपायलटने त्याला हवेत ठेवलं, पण कुठे वळायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. सुदैवाने जाग आली आणि सगळे सुखरूप उतरले.

चिकलठाण्याचं नाव निघालं की आमच्या पिढीला २६ एप्रिल १९९३ आठवतो. इंडियन एअरलाइन्सचं विमान उडताना बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला घासलं, पुढे विजेच्या तारांना अडकून पडलं, ११८ पैकी ५५ माणसं गेली. तो अपघात थकव्याचा नव्हता आणि मी तो तसा मांडणार नाही. विमानाचं नाक उचलायला झालेला उशीर आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणं, ही कारणं निघाली. तो इथे आणतो ते एवढ्यासाठी की विमान उडण्या-उतरण्याच्या वेळी चूक सावरायला हातात काही सेकंद असतात, आणि ते सेकंद माणसाच्या जागेपणावर उभे असतात. एका रात्रीत सहा-सहा वेळा ते करायला लावणं पूर्वी नियमात बसत होतं. डीजीसीएच्या २०२४ च्या नव्या नियमाने रात्री बारा ते सकाळी सहा या वेळेला स्पर्श करणाऱ्या ड्युटीत दोनच लँडिंग ठेवली. रात्रीच्या ड्युटीचा कमाल काळ १० तास केला. पहाटे पाचला संपणारी ‘रात्र’ सहापर्यंत नेली. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

‘एसटीचा ड्रायव्हर आणि शेतकरी आराम मागतात का?’

मागतात. साठ-सत्तर वर्षांपासून मागतायत.

चालकांसाठी १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा आला; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या कायद्यात होतं: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. तो कायदा आकाशातून पडला नाही, तो कामगारांच्या मागणीतून आला. मुक्कामी गाडी घेऊन आलेल्या चालकाला पहाटे लगेच लांब पल्ल्याच्या गाडीवर बसवू नये, हे डेपोत शिकलेला पहिला धडा होता. समृद्धी महामार्गावर रात्री मालट्रक आणि खाजगी बस घेऊन धावणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला असं संरक्षण येत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून त्यांनाही ते मिळालं पाहिजे एवढंच निघतं. एकाच्या ताटात कमी वाढलंय म्हणून दुसऱ्याचं ताट ओढून घेतल्याने पहिल्याचं पोट भरत नाही.

शेतकऱ्याचं तर सगळ्यांनाच माहीत आहे. आठ तासांची थ्री-फेज लाइट आलटून-पालटून दिवसा आणि रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन, साप-विंचवातून, डोळे चोळत बारे द्यायला जायचं. ‘दिवसा वीज द्या’ म्हणून परभणीपासून बीडपर्यंत मोर्चे निघाले, महावितरणच्या कचेऱ्यांसमोर लोक बसले. शेवटी सरकारलाही ते मान्य करावं लागलं. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती याच मागणीपोटी. ज्या शेतकऱ्याचं नाव घेऊन हा मेसेज लिहिलाय, तो शेतकरी रात्रीच्या कामाविरुद्ध रस्त्यावर उतरलेला माणूस आहे. त्याला पायलटच्या विरुद्ध उभं करणं हा त्याच्याही मागणीचा अपमान आहे.

शिवाय पाणी देताना शेतकऱ्याला पेंग आली तर दार फुटतं, पाणी वाया जातं, वाईट वेळ असेल तर त्याच्या स्वतःच्या जिवावर बेततं, आणि तेही व्हायला नको. विमानात त्या पेंगेबरोबर मागे बसलेली दीडशे-दोनशे माणसं असतात.

‘पगार लाखांत घेतात.’

घेतात. पगाराने पहाटे चारला मेंदू जागा राहत नाही. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

‘पायलटांनी ४८ तास सुट्टी मागून देश वेठीला धरला.’

इथे तारखा बघितल्या की पुरे. डीजीसीएने नवे नियम जाहीर केले जानेवारी २०२४ मध्ये. ते जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी वेळ मागितला, तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. आठवड्याच्या विश्रांतीचे ३६ चे ४८ तास पहिल्या टप्प्यात झाले. म्हणजे मेसेजचा सगळा भर ज्या ४८ तासांवर आहे, ते १ जुलैपासून लागू होते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, चार महिने विमानं उडत राहिली. १ नोव्हेंबरला आले ते रात्रीच्या ड्युटीचे आणि लँडिंगचे नियम.

कंपनीला एकूण जवळजवळ दोन वर्षं मिळाली. कॅप्टन काही महिन्याभरात तयार होत नाही. को-पायलट म्हणून वर्षानुवर्षं उडाल्यावर, परीक्षा आणि प्रशिक्षणानंतर तो डावीकडच्या खुर्चीत बसतो. त्यामुळे भरती आधी करावी लागते. इथे उलट झालं. हिवाळी वेळापत्रकात फेऱ्या वाढवून घेतल्या आणि माणसं तेवढी उभी केली नाहीत. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची २५०७ उड्डाणं रद्द झाली, १८५२ उशिरा गेली, तीन लाखांहून जास्त प्रवासी अडकले. तोच नियम एअर इंडियाला होता, अकासालाही होता. त्यांची व्यवस्था अशी कोसळली नाही. पायलटांनी ठरवून विमानं उभी करून ठेवली असती, तर ती एकाच कंपनीची का उभी राहिली असती?

चौकशी समितीनेही बोट ठेवलं ते व्यवस्थापनावर: माणसं आणि विमानं शेवटच्या थेंबापर्यंत पिळून वापरायची पद्धत, नव्या नियमांसाठी अपुरी तयारी, संगणक प्रणालीतल्या उणिवा, कामकाजावरच्या नियंत्रणातले दोष. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२.२० कोटींचा दंड झाला, त्याआधी तिचं वेळापत्रक १० टक्क्यांनी कापलं गेलं. रोस्टरमध्ये जराही सैल जागा ठेवली नाही की एका ठिकाणचं धुकं दहा शहरांत पोहोचतं. ड्युट्या लावणाऱ्या कुणालाही विचारा, राखीव माणूस ठेवणं हा खर्च वाटतो, तोपर्यंतच जोपर्यंत त्याची गरज पडत नाही.

आणि या सगळ्यात झुकला कोण? ५ डिसेंबरला डीजीसीएने रजेचा दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरायचा नाही हे कलम मागे घेतलं. इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. ज्यांनी देश वेठीला धरला म्हणता, त्यांच्याच वाट्याची विश्रांती कमी झाली.

‘४८ तास जगात कुठेच नाहीत.’

या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. अमेरिकेत आठवड्याला सलग ३० तास मोकळे द्यावे लागतात, युरोपात ३६ तास आणि त्यात दोन रात्री. या एका मापावर आपला नियम त्यांच्याहून उदार आहे. पण अमेरिकेत प्रत्येक ड्युटीआधी १० तासांची विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपण्याची संधी बंधनकारक आहे, आणि ड्युटी किती लांब असू शकते हे ती पहाटे सुरू होते की सकाळी, किती सेक्टर आहेत, यावर कमी-जास्त होतं. तो नियमही माणसं गेल्यावरच आला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० जण गेले. को-पायलट रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून ड्युटीवर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू झाले. आपण मंगळूरची १५८ माणसं गमावली. त्यांच्यानंतर ४८ तासांवर वाद घालायचा असेल तर जरूर घालावा, पण सगळा नियम फेकून द्या म्हणणं मला पटत नाही.

आपल्या बाजूने फिरणाऱ्या एका मेसेजबद्दलही सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी एक वैमानिक कोसळले आणि गेले. ‘थकव्याने बळी घेतला’ असं त्यावर लिहिलं जातं. त्यांना त्याआधी २७ तासांची विश्रांती मिळाल्याचं सांगितलं गेलं होतं. थकवा हेच कारण, हे सिद्ध झालेलं नाही. एका घराच्या दुःखाचा असा वापर करू नये. आपली बाजू त्याशिवायही भक्कम आहे.

‘हे नियम राहिले तर संभाजीनगर, नांदेडची विमानं बंद पडतील.’

ही भीती मात्र खरी आहे आणि तिची थट्टा करता येणार नाही. मोठी लढाई करून आपल्याला विमानं मिळाली. नांदेडला ‘उडान’ योजनेत २०१७ मध्ये पुन्हा सेवा सुरू झाली, तेव्हा हजूर साहिबला येणाऱ्या भाविकांपासून हैदराबादला उपचाराला जाणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हायसं वाटलं. लातूरचा विमानतळ नियमित प्रवासी विमानाची वाट बघत पडून आहे. फेऱ्या कापायची वेळ आली की कंपनी आधी कमी उत्पन्नाच्या मार्गावर हात टाकते, आणि तो बहुधा आपला असतो. पण कुठली फेरी कापायची हे कंपनीच्या कचेरीत ठरतं, पायलटच्या बिछान्यात ठरत नाही. संभाजीनगरची सकाळची फेरी चालवायला ताजे वैमानिक कमी पडत असतील तर माणसं वाढवा, नाहीतर जमेल तेवढ्याच फेऱ्या विका. दमलेल्या माणसांच्या जिवावर चालवलेली फेरी आपल्याला नको आहे.

मराठवाड्यातून आठ खासदार लोकसभेत जातात. २०२४ च्या नियमात एक चांगली तरतूद आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही: वैमानिकांनी दिलेले थकव्याचे अहवाल आणि त्यांवर केलेली कारवाई कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवायची आहे. असे अहवाल दिले की ते फेटाळले जातात, पगार कापला जातो, अशी वैमानिक संघटनांची तक्रार आहे. तो मेसेज पुढे ढकलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात आपापल्या खासदाराला हे लिहून पाठवता येईल: प्रत्येक कंपनीकडे किती वैमानिकांनी थकव्याचे अहवाल दिले, त्यातले किती मान्य झाले, किती फेटाळले, आणि ज्या रोस्टरवर तक्रारी आल्या ती बदलली का, याची कंपनीवार माहिती दर तिमाहीला संसदेत ठेवा.